पाडव्याची रेघ

१

पिलणकरांच्या वखारीत दिवस सुरू व्हायचा तो टिचक्यांनी. दार उघडायचं, झडपा वर करून वारा आत घ्यायचा आणि आडव्या मांडलेल्या पिंपांच्या रांगेतून एकेक करत पुढे जायचं. प्रत्येक पिंपाच्या गोल तोंडावर बोटाच्या पेराने खालून वर ठोकत न्यायचं. भरलेल्या जागी आवाज बद्द येतो, रिकाम्या जागी पोकळ. जिथे आवाज बदलला तिथवर माल आहे असं समजायचं. बूच उघडायचं नाही, आत काठी घालायची नाही. बुचातून वारा शिरला की माल बिघडतो, असं दर्शनाचे सासरे सांगायचे, आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं.

टिचकी मारायची रीत मात्र ज्याची त्याची. आत्माकाका बोट वाकवून दार वाजवल्यासारखी मारायचे. दर्शनाचा नवरा हर्षद उजव्या हातातल्या चांदीच्या अंगठीने मारायचा, खालून वर भरभर, आणि आवाज बदलला की थांबायचा. मग क्षणभराने त्याच जागी आणखी एकदा, हळूच. "हं. हाय," असं स्वतःशीच म्हणून पुढच्या पिंपाकडे वळायचा.

त्या दिवशी फेरी दर्शनाने घातली, कारण हर्षद पहाटेच जमालबरोबर समुद्रावर गेला होता. मे संपत आला होता. आता होड्या वर काढायच्या, मग श्रावणातल्या पुनवेपर्यंत दर्या बंद. वर्षाची शेवटची गरी टाकायला ते दोघे दरवर्षी जायचे. एकाची मिरकरवाड्यात होडी, दुसऱ्याची भाट्याच्या खाडीवरच्या डोंगरात दारूची भट्टी, आणि दोघांची शाळेपासूनची दोस्ती.

काजूच्या बोंडूंचा हंगाम नुकताच उरकला होता. भट्टी धुऊन पालथी घातली होती, आणि वखारीच्या पुढच्या भागात दोघी बायका बाटल्यांना लेबलं डकवत होत्या. दर्शना त्यांच्याबरोबर बसली होती. मध्येच पुण्याहून दिशाचा फोन आला. मुलगी तिकडे एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करायची.

"बाबा कुठेत?"

"गेलेत मासे मारायला. येताना बाजारातून सुरमई विकत घेतील आणि गरीला लागली म्हणून सांगतील."

"मागच्या वेळी तर बर्फ लागलेली होती," दिशा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

दुपार व्हायच्या सुमारास जमाल आला.

जमाल येण्यात नवीन काही नव्हतं. पण तो वखारीचा उंबरा कधी ओलांडत नसे. बाहेरच्या चिऱ्याच्या बुटक्या गडग्यावर बसायचा, तिथूनच हाक मारायचा. "भाबी, इथे बसलो तरी मला चढते." मग हर्षद आतून ओरडायचा, "वास घेतलास ना? मग अर्धं पाप झालं. ये आत, उरलेलं करून घे!" इतक्या वर्षांत हा विनोद शिळा झाला नव्हता.

त्या दिवशी जमाल आत आला. अनवाणी होता. कपडे अंगाला चिकटलेले, आणि कोब्यावर प्रत्येक पावलाचा ओला ठसा उठत होता. तो लेबलांच्या टेबलापर्यंत आला आणि उभा राहिला. दर्शनाने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ती त्या ठशांकडे बघत राहिली. हा आत कसा आला, एवढंच तिच्या मनात येत होतं.

"भाबी," तो म्हणाला. "खाडीच्या तोंडावर लाट फुटली. होडी पलटली. मी त्याचा हात धरला होता, भाबी. धरला होता मी."

२

हर्षद सापडला नाही. पोलीस, कोळी, मिरकरवाड्याच्या होड्या, सगळ्यांनी शोधलं. मग पाऊस लागला, समुद्र खवळला आणि शोध थांबला. कागदोपत्री तो बेपत्ता राहिला.

दिशा आली होती. रजा संपली तरी तिने परत जायचं नाव काढलं नाही. घर आणि वखार यांच्यामध्ये फक्त एक अंगण. या अंगणात बसून आत्माकाकांनी एका सकाळी तो विषय काढला. आत्माराम हा हर्षदचा चुलता. बायकामुलं नाहीत, सगळं आयुष्य भट्टीपाशी गेलेलं.

"दर्शने, पिंपाचं काय करायचं गो?"

पिंपाचं म्हणजे काय, हे त्या घरात सांगावं लागत नसे. हर्षदच्या पणज्याने, केरू पिलणकराने, ही भट्टी घातली. भंडाऱ्याचं घर, आधी माडी काढायचे, ती गाळायचे. केरूने बंदरात मोडीत निघालेल्या एका जहाजावरची लाकडी पिंपं आणली आणि दारू लगेच न विकता मुरवायला सुरुवात केली. पुढे दारूबंदीच्या काळात भट्टी थंड पडली, तेव्हा घराने व्हिनेगार विकून दिवस काढले, पण पिंपं मोडली नाहीत. सासऱ्यांनी परवाना परत मिळवला आणि माडीऐवजी काजूच्या बोंडूंची दारू गाळायला घेतली. या सगळ्यात एक रीत केरूपासून चालत आली. घरात मूल जन्मलं की त्या हंगामाचं एक पिंप त्याच्या नावाने भरायचं. सून आली की लग्नाच्या वर्षी तिच्याही नावाने. ते विकायचं नाही, प्यायचं नाही. लाकडातून थोडं थोडं उडत राहतं, आणि माणसाचं वय वाढतं तसं त्याचं पिंप उतरत जातं. दर पाडव्याला टिचकी मारून, आवाज बदलेल तिथे पिंपाच्या तोंडावर चुन्याची रेघ ओढायची. आदल्या वर्षीच्या रेघेच्या खाली नवी रेघ.

माणूस गेलं की दिवसकार्य झाल्यावर त्याचं पिंप मोकळं करायचं. उरलेला माल वखारीच्या शेवटी असलेल्या थोरल्या पिंपात सोडायचा. थोरल्यातूनच मग विकायच्या बाटल्यांत थोडं थोडं जायचं. म्हणून त्यांच्या बाटलीवर नावही तेवढंच होतं, 'थोरली'. बाहेरच्यांना वाटायचं, मोठ्या बाटलीचं नाव असेल.

लग्न होऊन आली तेव्हा दर्शनाला या सगळ्याची किळस आली होती. ती एम.ए. झालेली, कुवारबावच्या शिक्षकाची मुलगी. नंतर सवय झाली. सासूचं पिंप मोकळं केलं तेव्हा तर ती रडली होती.

"सापडलेले नाहीत ते," ती आत्माकाकांना म्हणाली. "मिळाल्याशिवाय मोकळं करायचं नाही."

"दर्भाचा पुतळा करून कार्य करतात, बाय. भटजी म्हनाला."

"कार्य नाही आणि पिंपही नाही."

आत्माकाका तंबाखू मळू लागले. मग म्हणाले, "थांबवलेलं पिंप बरं नसतं गो."

"म्हणजे?"

"म्हंजे बरं नसतं."

ते उठून वखारीकडे गेले. दर्शनाला वाटलं, म्हाताऱ्याच्या रीतीत खंड पडतोय, त्याचा राग आहे.

३

सकाळची फेरी आता आत्माकाका घालायचे. दर्शना जायची दुपारी, जेवणं उरकून सगळे आडवे झाल्यावर. वखारीत तेव्हा कौलांवरच्या पावसाशिवाय आवाज नसायचा. दाराजवळ मुलांची पिंपं, आत मोठ्यांची. सगळ्यात दाराशी दिशाचं, गळ्यापर्यंत भरलेलं, त्याच्यावरच्या रेघा एकमेकींना खेटून. आत, उजव्या भिंतीला दर्शनाचं, आणि त्याच्या शेजारी हर्षदचं. त्याच्यावर रेघांची शिडीच होती. सगळ्यात खालची रेघ या पाडव्याची, निम्म्याच्याही खाली. ती ओढताना तो म्हणाला होता, "बघ, पन्नाशी उलटली, टाकी रिझर्व्हला आली."

ती त्याच्या पिंपासमोर स्टूल टाकून बसायची. वर्तमानपत्र न्यायची, पण वाचायची नाही. उठताना एकदा टिचकी मारायची. खालून वर, त्याच्यासारखी. बद्द, बद्द, बद्द, आणि रेघेशी पोकळ. ती जागा तिच्या बोटाला पाठ झाली. एखाद्याचा हात हातात घेऊन ठेवावा तसं ते होतं. यात काही वावगं आहे असं तिला वाटलं नाही. लोक फोटोशी बोलतात, ती पिंपाशी बसायची.

आषाढ लागला तेव्हा एका दुपारी तिची टिचकी रेघेवरून पुढे गेली आणि आवाज बदलला नाही.

तिने परत मारली. रेघेच्या वर चार बोटं बद्द आवाज येत होता. मग पोकळ.

तिने आपल्या पिंपावर मारून पाहिली. ते रेघेशीच बदलत होतं, किंचित खालीच. सासऱ्यांच्या धाकट्या भावाचं म्हणजे आत्माकाकांचं पिंप पाहिलं. तेही बरोबर. ती परत हर्षदच्या पिंपाशी आली, बुचावर हात फिरवला. बुचावरचं मेण अखंड होतं, त्यावर धूळही होती.

संध्याकाळी तिने दिशाला विचारलं, सहज विचारल्यासारखं.

"पावसाळ्यात होतं गं," दिशा म्हणाली. ती सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. "हवा ओली, लाकूड फुगतं, फळ्या दाटतात. आवाज बदलणारच. शिवाय अशा हवेत आतलं पाणी उडत नाही, लाकूड बाहेरचा दमटपणा उलट ओढून घेतं. शास्त्रात बसतं."

"एकाच पिंपात?"

"ते भिंतीला आहे ना? भिंत ओली असेल." तिने जांभई दिली. "आई, मला हल्ली सारखी झोप येते."

भिंत खरंच ओली होती. दर्शनाने दुसऱ्या दिवशी हात लावून पाहिलं आणि तिला बरं वाटलं. तीच ओली भिंत तिच्या स्वतःच्या पिंपामागेही होती, हे तिच्या लक्षात आलं ते घरी परतल्यावर, चहा गाळताना.

४

त्यानंतर ती रोज पाहायची आणि रोज आवाज थोडा वर गेलेला असायचा. मागच्या वर्षीच्या रेघेशी आला, मग त्याच्या मागच्या. हर्षद पंचेचाळिशीचा होता तेव्हाच्या रेघेशी. दिशा शाळेत होती तेव्हाच्या.

तिने कुणाला सांगितलं नाही. कशाला सांगायचं? लाकूड फुगलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिला ते हवंसं वाटत होतं. त्या दिवसांत जेवण तिच्या घशाखाली उतरायचं ते वखारीत जायच्या ओढीनेच.

एका दुपारी पावसाने उघडीप दिली होती. ती दार लोटून आत आली आणि दाराशीच वाकून चपला काढत होती. तेव्हा रांगेच्या आतल्या टोकाकडून आवाज आला.

टक, टक, टक. खालून वर, भरभर. मग थांबला.

आत्माकाका आत आहेत, असं वाटून ती म्हणाली, "काका, जेवलात ना?"

उत्तर आलं नाही. मग त्याच जागी आणखी एकदा. हळूच. टक.

ती तशीच उभी राहिली, एका पायात चप्पल. उंदीर असेल. कौलातून थेंब पडत असेल. थेंब असा थांबून पडतो का? पडत असेल. तिने मागे वळून अंगणाकडे पाहिलं. पडवीतल्या बाकावर आत्माकाका तोंडावर टॉवेल टाकून घोरत होते.

ती आत गेली. जाताना दोन्ही बाजूंच्या पिंपांवर हात ठेवत गेली, अंधारात कठडा धरावा तशी. हर्षदच्या पिंपापाशी काहीच नव्हतं. कोबा कोरडा, वर कौलं कोरडी. फक्त वास वेगळा होता. एरवी वखारीत बोंडूंचा तो आंबट-गोड, डोक्यात जाणारा वास भरलेला असतो. उडणाऱ्या मालाचा वास. इथे तो नव्हता. ओहोटीला उघड्या पडलेल्या खाडीच्या चिखलाचा वास होता.

तिने टिचकी मारायला हात उचलला. बोट लाकडाला लागायच्या आत तिला जाणवलं की आवाज आला होता त्याला धातूची किनार होती, पण तो लाकडावर बाहेरून मारल्यासारखा खणखणीत नव्हता. बद्द होता.

तिने हात खाली घेतला आणि घरी आली.

दिशा झोपली होती. दुपारची उन्हं खिडकीतून तिच्या अंगावर पडली होती. दर्शना तिचं पांघरूण सारखं करायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. उशीला वास येत होता. केसांना येत होता. आंबट-गोड, डोक्यात जाणारा.

दिशाने आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं. "आमच्या घरातली माणसं असतात त्यात," असं ती मैत्रिणींना सांगायची, आणि त्या हसायच्या.

"दिशा," दर्शनाने हलवलं. "वखारीत गेली होतीस?"

"नाही गं." तिने डोळे उघडले नाहीत. "थंडी वाजतेय, आई."

तिला उठवून बसवायला दर्शनाने काखेत हात घातले आणि ती उचलली गेली, मनात धरलं होतं त्याहून फार सहज. सुकलेल्या शहाळ्यासारखी.

५

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट चांगले आले. "धक्का आहे," ते म्हणाले. "वडील गेलेत. खायला घाला, माणसांत ठेवा." दर्शनाने तिला पुण्याला पाठवायचं ठरवलं. पिशवी भरली, गाडी सांगितली. दिशा अंगणातून गाडीपर्यंत चालत गेली आणि तिथेच खाली बसली. ड्रायव्हरने आणि आत्माकाकांनी तिला परत आणली. गाडीवाला परत जाताना म्हणाला, "वहिनी, पोरगी घेते का काय थोडी? राग मानू नका, वास आला."

तो गेल्यावर दर्शना वखारीत गेली. हर्षदच्या पिंपाकडे गेली नाही. दाराशी थांबली आणि दिशाच्या पिंपावर टिचकी मारली.

इतक्या दिवसांत तिने ती मारली नव्हती. कशाला मारेल? पोरीचं पिंप, गळ्यापर्यंत भरलेलं. पाडव्याची रेघ अगदी वर होती.

पोकळ. तिने बोट खाली नेलं. पोकळ. निम्म्यावर पोकळ. निम्म्याच्याही खाली गेल्यावर कुठे बद्द आवाज आला. पिंपाखालचा कोबा तिने गुडघे टेकून हाताने चाचपला. तो धुळीने भरलेला, कोरडा होता.

मागे पावलं वाजली. आत्माकाका होते.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "मी रोज सकाळी मारतोय की."

"मग बोलला का नाही?"

"तू आयकनार होतीस?"

ती खालीच बसून राहिली. आत्माकाकांनी वखारीच्या डाव्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे रांगेत एक जागा रिकामी होती. पिंपाखाली घालायचे दोन वासे होते, वर पिंप नव्हतं. ती जागा दर्शनाने हजारदा पाहिली होती. लादी-पोचा करताना तिथे बादली ठेवायची ती.

"आमच्या आज्यानं, केरूनं, तिथं कदी काय ठेवलं नाय. बापानं पन नाय. केरूचा भाऊ जहाजावर गेला तो आला नाय. त्याची आय बोलली, येईल, थांबू. थांबली. केरूची एक पोर होती. चिमा. तिचं पिंप पन नाय या वखारीत. एवढंच मला ठाऊक. याच्यापुढं मला कोनी सांगितलं नाय, आनि मी इचारलं नाय."

"हा योगायोग असेल, काका."

"आसंल." ते म्हणाले. "पोरीचं उतरतंय तो पन आसंल."

संध्याकाळी जमाल आला. गडग्यावर बसला, आत आला नाही. दर्शना त्याच्यासाठी चहा घेऊन बाहेर गेली. त्या दिवसापासून तो वाळला होता.

"भाबी, इफ्फत बोलली तुमच्याशी बोलून ये." इफ्फत त्याची बायको. "आमच्या गल्लीत लोक मला बोलतात, दारूवाल्यासाठी काय दुवा मागतोस. मी मागितली. पोट भरून रडलो आणि मागितली. तवापासून झोप लागते." त्याने कप खाली ठेवला. "त्याच्या आधी रोज एकच व्हायचं. त्याचा हात माझ्या हातात असायचा. आणि भाबी, तो मला वर ओढत नव्हता. खाली पण ओढत नव्हता. नुसता धरून होता. सोडतच नव्हता."

"तुम्ही तर म्हणालात, तुम्ही धरला होता."

जमालने तिच्याकडे पाहिलं नाही. "सुटला कसा मग?" तो म्हणाला. "मी सोडवून घेतला. नायतर मी पण इथे नसतो. तुम्ही पण सोडवून घ्या, भाबी. पोरीसाठी."

तो गेल्यावर ती पडवीत गेली आणि आत्माकाकांना म्हणाली, "उद्या सकाळी मोकळं करू."

६

सकाळ स्वच्छ उजाडली. आत्माकाकांनी आंघोळ करून थोरल्या पिंपाचं झाकण काढलं, रबरी नळी धुऊन घेतली आणि तिचं एक टोक थोरल्यात सोडलं. दुसरं टोक आणि एक नारळ त्यांनी हर्षदच्या पिंपावर ठेवला. मेण घरच्याच माणसाने फोडायचं, बायको असेल तर बायकोने. म्हणून ते थोरल्याशी जाऊन उभे राहिले, वखारीच्या शेवटी, पाठमोरे. रीत तशीच होती. माल येताना दिसला पाहिजे, सुटताना नाही.

घरातून निघताना दर्शनाने दिशाला पेज भरवली होती. दोन चमचे गेले आणि तिला खोकला लागला. "कुठे चाललीस?" दिशाने विचारलं. "बाबांचं पिंप," एवढंच ती म्हणाली. दिशाने मान हलवली आणि उशीत तोंड खुपसलं. खोलीतला वास आता दारापर्यंत आला होता.

तिने स्टुलावर चढून सुरीने मेण कापलं. मनाशी ती बोलत होती. लाकूड फुगलं आहे. आत असेल ते निम्म्याहून कमी असेल. बूच काढलं की दिसेलच. मग दिशाला मुंबईला नेऊ, मोठ्या डॉक्टरला दाखवू. काहीतरी निघेल, कावीळ, थायरॉइड, काहीतरी.

बूच घट्ट होतं. तिने ते डावीउजवीकडे फिरवलं आणि उचललं. त्याची खालची बाजू ओली होती. नुसती दमट नव्हती, थेंब गळत होते.

बुचाचं भोक जेमतेम एक बोट जाईल एवढं. तिने मोबाइलचा टॉर्च लावून आत धरला.

ते काठोकाठ भरलेलं होतं. लाकडाच्या कडेला लागून वर आलेलं, सोनेरी नाही, खाडीच्या रंगाचं. आणि ते स्थिर नव्हतं. किंचित वर यायचं, किंचित खाली जायचं, पुन्हा वर. तिने आपला श्वास धरून पाहिला, आपल्या हाताने पिंप हलत असेल म्हणून. ते वर येतच राहिलं आणि खाली जातच राहिलं.

मग पाण्याखालून काहीतरी फिकट त्या भोकाशी आलं आणि आतून टेकलं.

तिने ओरडायला हवं होतं. तिला ते कळत होतं, दुसऱ्या कुणाबद्दल कळावं तसं. पण ती वाकली. भोकाच्या आकारात बसलेली ती एक गोल, पांढरी जागा होती. फार वेळ पाण्यात राहिल्यावर कातडीला पडतात तशा तिच्यावर सुरकुत्या होत्या. आणि सुरकुत्यांच्या आत, फिक्या, बारीक, गोल गोल रेषा.

पेर होतं ते. बोटाचं.

"सोडू काय गो?" आत्माकाकांनी पाठमोऱ्यानेच विचारलं. "नळी घातलीस?"

तिने नळी घातली नाही. तिने टॉर्च खाली ठेवला आणि आपलं बोट त्यावर ठेवलं.

ते थंडगार असेल असं तिला वाटलं होतं. ते कोमट होतं. दुपारी झोपलेल्या माणसाचा हात असतो तेवढं. तिच्या बोटाखाली ते किंचित हललं. तिच्या पेरावर त्याने हलकेच ठोकलं. टक, टक, टक. थांबलं. मग त्याच जागी आणखी एकदा, हळूच.

हं. हाय.

कोण म्हणालं ते तिला सांगता आलं नसतं. बहुतेक तीच म्हणाली.

"दर्शने?"

ती बोट काढून घेऊ शकत होती. कुणी धरलं नव्हतं. तिने काढून घेतलंही, पण सावकाश, झोपलेल्याची झोप मोडू नये तसं. बूच परत बसवलं. फार दाबलं नाही. पदराने हात पुसला आणि त्याला खाडीचा वास लागला.

"काका," ती म्हणाली. तिचा आवाज तिला अगदी नेहमीसारखा ऐकू आला. "आज नको. उद्या करू."

आत्माकाका वळले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बुचाकडे पाहिलं, कापलेल्या मेणाकडे पाहिलं. हातातली नळी त्यांनी तशीच धरून ठेवली होती.

"उद्या?" ते म्हणाले. "पोर उद्यापर्यंत..."

"उद्या नक्की," ती म्हणाली.

ती रांगेतून दाराकडे निघाली. दोन्ही हात तिने अंगाशी घट्ट धरले होते. मागे आत्माकाका थोरल्याचं झाकण लावत होते, त्याचा आवाज आला. अंगणापलीकडे घरात सगळं शांत होतं. सकाळभर येत होता तो दिशाचा खोकलाही आता येत नव्हता.

दाराशी दिशाचं पिंप होतं. त्याच्यावर टिचकी मारायची त्या दिवशी राहून गेली.